घरच्या शेडमध्ये जीप बनवायची? मग गाडीआधी टेबल बनवा!

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी बनवलेली छोटी जीप डिसेंबर २०२१ मध्ये मोबाइलवर देशभर फिरली. भंगारातले भाग, सुमारे ६० हजार रुपये खर्च आणि चक्क किक मारून सुरू होणारी गाडी! असे काही आपणही करावे, असे वाटणारे कारागीर गावोगावी आहेत. इंदापूर तालुक्यातील डाळजचेच पाहा. एकीकडे पुणे-सोलापूर महामार्ग, दुसरीकडे उजनीचे पाणी आणि मध्ये ऊस. ट्रॉलीला जोड मारून देणारा वेल्डर या पट्ट्यात शोधावा लागत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत चाके रुतली की फोर-व्हील ड्राइव्हची आठवणही होतेच.

वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, जुने इंजिन हे सारे जमते. पण गाडीचा सांगाडा, म्हणजे चासी, थेट जमिनीवर ठेवून जोडली की पुढचे सगळे गणित बिघडते.

जमिनीवर जोडले तर काय होते?

शेडचा कोबा सपाट दिसतो, पण पाणी वाहून जावे म्हणून त्याला मुद्दाम उतार दिलेला असतो. त्यात वेल्डिंगची उष्णता. १ मीटर लांबीचे लोखंड १०० अंशांनी तापले तर साधारण १.२ मिमी वाढते. थंड होताना जोड आकसतो आणि पाईप स्वतःकडे ओढून घेतो. पाईप कशाला घट्ट आवळलेला नसेल तर सांगाड्याला पीळ पडतो. मग चारपैकी तीन चाके नीट टेकतात, चौथे हलके राहते. गाडी एका बाजूला ओढते, टायर एकीकडून झिजतात. रंग दिल्यावर यातले काही दिसत नाही. स्टीअरिंग हातात घेतल्यावर कळते, आणि तेव्हा चासी कापण्यावाचून इलाज नसतो.

टेबल किती मोठे हवे?

जुन्या विलिस जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर ८० इंच, म्हणजे ६ फूट ८ इंच. तेवढ्या गाडीला ८ बाय ४ फुटांचे टेबल पुरते. २०२० मध्ये आलेल्या थारचे हेच अंतर २४५० मिमी आहे, म्हणजे ८ फुटांपेक्षा थोडेसे जास्तच. त्या मापाचे काही करायचे असेल तर १० फूट धरावेत.

खर्चाचा मोठा भाग वरच्या प्लेटचा असतो. ८ बाय ४ ची १० मिमी जाडीची प्लेट जवळपास २३४ किलो भरते, ६ मिमीची १४० किलो. लोखंड किलोवर मिळते, त्यामुळे आकडा लगेच वर जातो. खिसा तेवढा परवानगी देत नसेल तर अखंड प्लेटचा हट्ट सोडावा. पाच-सहा सरळ चॅनेल इंचभर फट ठेवून शेजारी शेजारी बसवले तरी काम होते. उलट त्या फटीतून सी-क्लॅम्प कुठेही अडकवता येतो, जे अखंड प्लेटवर जमत नाही. भंगारातून चॅनेल घेताना मात्र त्याच्या कडेवरून एका डोळ्याने पाहून घ्या. वाकलेला चॅनेल स्वस्त मिळाला तरी महागच पडतो.

उंची दोन ते अडीच फूट ठेवावी. साध्या वेल्डिंग टेबलासारखी तीन फूट ठेवली तर वर उभा राहणारा सांगाडा हाताबाहेर जातो. प्रत्येक पायाखाली नट जोडून त्यात बोल्ट बसवावा, म्हणजे पाय वर-खाली करता येतो.

टेबल सरळ आहे, हे कसे ओळखायचे?

महागडे उपकरण लागत नाही. गवंड्याची पारदर्शक लेव्हल पाईप पुरते. पाण्यात बुडबुडा नाही याची खात्री करून चारही कोपरे एका पातळीत आणावेत. मग दोन्ही कर्ण मोजावेत. २४४० बाय १२२० मिमीच्या टेबलाचा कर्ण २७२८ मिमी येतो. दोन्ही कर्ण सारखे भरले तरच टेबल गुण्यात आहे.

पीळ शोधायला दोरी. समोरासमोरच्या कोपऱ्यांवरून दोन दोऱ्या ताणून बांधायच्या. मध्ये जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे नुसता स्पर्श हवा. फट दिसली तर पीळ आहे. आता खालची दोरी वर घेऊन पुन्हा पाहावे, कारण एक दोरी दुसरीला दाबत असेल तर पहिल्या वेळी ते कळत नाही. ही दुसरी तपासणी बहुतेक जण गाळतात.

वरची प्लेट किंवा चॅनेल खालच्या सांगाड्याला पूर्ण लांबीत वेल्ड करू नये, नाहीतर टेबलच वाकते. थोडे थोडे टाके पुरेत. बोल्ट असतील तर उत्तम. चासी जोडतानाही आधी सगळीकडे टॅक, मग कर्ण मोजणे, मग एकदा या कोपऱ्यात तर एकदा त्या कोपऱ्यात पूर्ण जोड.

पाईप कोणता?

पाण्याच्या लाइनचा उरलेला जीआय पाईप शेतात पडलेला असतो आणि मोह होतो. त्यावर जस्ताचा थर असतो. वेल्ड करताना निघणाऱ्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो. त्याहून मोठा प्रश्न मजबुतीचा. २००७ पासून होणाऱ्या ‘बाहा एसएई इंडिया’ या स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी एका सीटची ऑफ-रोड गाडी बनवतात. गाडी उलटली तर चालकाला वाचवणाऱ्या पिंजऱ्यासाठी तिथे किमान ०.१८ टक्के कार्बन असलेले पोलाद लागते. मूळ माप २५ मिमी व्यासाचे आणि ३ मिमी जाडीचे. पाण्याचा पाईप पाणी वाहण्यासाठी असतो, माणूस वाचवण्यासाठी नव्हे. जोड पक्का आहे का, हे पाहायला त्याच पाईपचे दोन तुकडे जोडून घणाने तोडून पाहावेत. जोडच उकलला तर माणसावर प्रयोग नको.

आणि शेडजवळ कडबा किंवा पाचट असेल तर आधी ते हलवा. डिझेलच्या रिकाम्या पिंपावर वेल्डिंग करणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

रस्त्यावर चालवता येईल का?

नाही. नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही आणि घरी बनवलेल्या गाडीला सरकारमान्य संस्थेच्या चाचणीशिवाय नोंदणी मिळत नाही. जुन्या नोंदणीकृत जीपमध्ये नियमबाह्य बदल केले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ नुसार प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. लोहार यांची जीपही नियमांत बसणारी नव्हती. आनंद महिंद्रा यांनी तेच सांगत तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती त्यांना मिळाली. डाळजमधल्या शेडमधून निघालेली गाडी बांधावरून, शेतातल्या वाटेने फिरवावी. महामार्गाच्या अलीकडेच थांबवावी.