‘आमोरे’ कुणाला म्हणायचं?

इटालियन शिकायला बसलेल्यांना पहिल्या आठवड्यातच ‘ती आमो’, म्हणजे ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’, येऊ लागतं. इटालियन म्हणजे प्रेमाची भाषा, तेव्हा ते कुणालाही म्हणून टाकावं, असा समज त्याबरोबरच येतो. तो चुकीचा आहे. ‘ती आमो’ जोडीदाराला म्हणतात. आई, भाऊ, जिवलग मैत्रीण यांच्यासाठी ‘ती वोल्यो बेने’ असतं. सख्ख्या भावाला ‘ती आमो’ म्हटलंत, तर ऐकणारा इटालियन माणूस गोंधळून जाईल.

मग ‘ती वोल्यो बेने’ म्हणजे दुय्यम, पातळ प्रेम, असं काही जण धरून चालतात. मला हा गैरसमज सगळ्यांत जास्त खटकतो. समोरच्याचं भलं व्हावं, अशी इच्छा त्या शब्दांत आहे. मुलाला झोपवताना आई तेच म्हणते, फोन ठेवताना आजी तेच म्हणते आणि वर्षानुवर्षं संसार केलेली जोडपीही एकमेकांना तेच म्हणतात. शाळकरी मुलांनी तर त्याची आद्याक्षरं करून टाकली: ‘ती-वू-बी’. वह्यांच्या कोपऱ्यांत आणि मोबाइलच्या संदेशांत ती सर्रास दिसतात. फक्त शेवटचं ‘बेने’ गाळू नका. नुसतं ‘ती वोल्यो’ म्हणजे ‘मला तू हवी आहेस’, आणि तेही शरीराच्या ओढीनं.

‘आमोरे’ हा शब्द प्रेमिकांचाच, हीदेखील बाहेरच्यांची समजूत. डीन मार्टिनच्या 1953 सालच्या ‘दॅट्स आमोरे’सारख्या गाण्यांनी ती जगभर पक्की केली. इटलीत शाळेच्या दारात उभं राहा. जॅकेटची चेन लावून देणारी आई मुलाला ‘आमोरे, हात वर कर’ म्हणते आणि पलीकडची बाई आपल्या लेकीला ‘तेझोरो’, म्हणजे खजिना, म्हणून हाक मारते. दोन्ही शब्द व्याकरणानं पुल्लिंगी आहेत, पण मुलगा-मुलगी दोघांनाही तसेच चालतात. म्हणून बायकोलाही ‘आमोरे मिओ’च (‘मिओ’ म्हणजे ‘माझा’) म्हणायचं, ‘आमोरे मिया’ नाही. उलट ‘जोया’, म्हणजे आनंद, स्त्रीलिंगी. त्यामुळे धिप्पाड पुरुषालाही ‘जोया मिया’!

हाक मारताना ‘मिओ’ सहसा मागून येतं: ‘तेझोरो मिओ’. मोझार्टच्या ‘डॉन जोव्हान्नी’ या 1787 सालच्या ऑपेरात ‘इल मिओ तेझोरो’ असं उलट आहे ना, असं कुणी विचारेल. तिथे डॉन ओत्ताव्हिओ हे पात्र आपल्या प्रेयसीला हाक मारत नाही, इतरांशी तिच्याविषयी बोलतो आहे.

‘अ‍ॅडम्स फॅमिली’तला गोमेझ बायकोला ‘कारा मिया’ म्हणतो, म्हणून अनेकांना ते फार रोमँटिक वाटतं. आजच्या बोलण्यात ‘कारा मिया’ला बरेचदा ‘हे बघा बाई’ असा सुनावण्याचा सूर असतो. नुसतं ‘कारो’ किंवा ‘कारा’ मात्र पत्राच्या सुरुवातीला नेहमीचं, आपल्या ‘प्रिय’सारखं. ‘कारो’चा दुसरा अर्थ ‘महाग’, तो बाजारात रोज कानावर पडतो.

‘चाओ बेल्ला’, म्हणजे ‘काय गं सुंदरी’, याविषयी स्पष्टच सांगायला हवं. मैत्रिणी एकमेकींना खुशाल म्हणतात. अनोळखी वेट्रेसला पर्यटकानं म्हटलं, की ती लगट होते. तिथे ‘बुऑन्जोर्नो’ आणि आदरार्थी ‘लेई’ हेच बरं. भाजीवाली आजी तुम्हाला ‘तेझोरो’ म्हणाली तर हसून घ्या, पण तिला उलट ‘तेझोरो’ म्हणू नका.

लाडाची नावं प्राण्यांवरून आणि खाण्यावरूनही येतात: ‘तोपोलीनो’ म्हणजे उंदीरमामा (मिकी माउसचं इटालियन नावही हेच), ‘कुच्चोलो’ म्हणजे पिल्लू, ‘पोल्पेत्ता’ म्हणजे खिम्याचा गोळा. ‘पाताता’, म्हणजे बटाटा, लहान मुलीला प्रेमानं म्हणतात, पण त्याचा एक अश्लील अर्थही आहे. नवख्यानं त्या वाटेला जाऊ नये.

दक्षिणेत एक वेगळीच रीत आहे आणि ती मला फार आवडते. नेपल्सकडची आई मुलाला वाढताना म्हणते, ‘मान्जा, आ मम्मा’. जेव, असं म्हणून ती पुढे स्वतःचंच नातं जोडते. मावशी ‘आ त्सीआ’ म्हणते, आजोबा ‘आ नोन्नो’. भाषाशास्त्रज्ञ याला उलटं संबोधन म्हणतात. ते वडीलधाऱ्यांनी धाकट्यांसाठीच वापरायचं असतं, त्यामुळे मुलाच्या तोंडी हे ‘आ मम्मा’ कधी ऐकू येत नाही.