डब्यात काय आहे?

भाद्रपदाच्या पौर्णिमेला जळगाव-धुळ्याकडे घरोघरी गुलाबाईची मातीची मूर्ती बसते. सोबत गुलोजी आणि बाळ गणपती. काही गावं तिला भुलाबाई म्हणतात. पुढे कोजागरीपर्यंत, महिनाभर, संध्याकाळ झाली की मुली टिपऱ्या घेऊन या घरून त्या घरी जातात. मूर्तीपुढे सासर-माहेराची गाणी होतात, मराठीत, अहिराणीत, लेवा बोलीत.

गाणी संपली की खरी गंमत. घरची बाई झाकण घट्ट लावलेला डबा पुढे आणते. आतला खाऊ ओळखल्याशिवाय मिळायचा नाही!

डबा हलवला जातो आणि सगळ्या कान टवकारतात. मुरमुरे सळसळतात, फुटाणे खडखडतात, लाडू एकदाच धपकन आदळतो. शिरा काहीच बोलत नाही, पण त्याचं गप्प राहणंही खूण ठरते: कोरडे पदार्थ बाद! मग प्रश्न सुरू. गोड का? तळलेला का? चांगला प्रश्न उरलेल्या शक्यता निम्म्या करतो. नेमके विचारलेले 5 हो-नाही प्रश्न 32 पदार्थांतून एक वेगळा काढू शकतात. आणि 20 प्रश्न? 10,48,576 पदार्थांतून! संगणक ज्या दोनच्या हिशेबावर चालतात, तोच हिशेब इथे ओसरीवर परकरातल्या पोरी खेळतात.

नवल एवढ्यावर थांबत नाही. सातपुड्यापलीकडे निमाड-माळव्यात याच पौर्णिमेपासून मुली भिंतीवर शेणाने ‘संजा’ रेखतात, फुलांच्या पाकळ्यांनी सजवतात आणि तिच्यापुढे गातात. देशावर हादग्याला पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरतात आणि तिथेही खिरापत ओळखायची असते. चित्र किंवा मूर्ती, गाणं आणि खेळ असा हा संगम पावसाळा सरताना इतक्या मोठ्या मुलखात फुलतो.

रस्त्यावरच्या कलेने बघ्यांना सामील करून घ्यावं, असं आज जगभर म्हटलं जातं. गुलाबाईच्या खेळात बघे उरतच नाहीत. दार उघडणाऱ्या बाईलाही डाव रचावा लागतो. पोरींना चकवायला ती रोज नवा पदार्थ शोधते.

जळगावात आता भुलाबाई महोत्सव भरतो, मुली मंचावर नटून नाचतात. गाणी त्यामुळे टिकतील. खाऊ ओळखण्याचा डाव मात्र घरातच रंगतो. तेव्हा येत्या भाद्रपदात शेजारच्या मुलींना बोलवा आणि डब्यात असं काही लपवा, की त्यांनाही सहज ओळखता येऊ नये.