हडसन भांडाराचा उदय आणि ऱ्हास

बहुविभागी भांडार हे महानगराच्या मध्यवस्तीचे अपत्य होय. मध्यवस्ती ओस पडू लागली म्हणजे त्याचे काय होते, हे अमेरिकेतील डेट्रॉइट येथील जे. एल. हडसन कंपनीच्या इतिहासावरून चांगले कळते.

जोसेफ लोदियन हडसन याने १८८१ मध्ये पुरुषांच्या तयार कपड्यांचे दुकान घातले. ठरलेला एकच भाव आणि नापसंत माल परत घेण्याची उदार रीत यांमुळे त्याचा जम बसला. १९१२ मध्ये तो वारल्यावर कारभार वेबर कुलातील त्याच्या चार भाच्यांकडे आला. मोटारधंद्याने शहर वाढत होते. त्याच्याबरोबर वुडवर्ड अॅव्हेन्यूवरील इमारतही टप्प्याटप्प्याने वाढली. १९४६ पर्यंत ती पंचवीस मजली झाली आणि तिचे क्षेत्रफळ वीस लक्ष चौरस फुटांवर गेले.

अशा भांडाराचे अर्थशास्त्र निराळे असते. उद्वाहक, दिवाबत्ती, घरपोच माल पोचविणाऱ्या गाड्या, विक्रेत्यांचा मोठा ताफा, यांचा खर्च गिऱ्हाईक घटले म्हणून त्या प्रमाणात घटत नाही. फिती आणि गुंड्या विकणारा विभाग स्वतः फारसा कमावीत नाही. परंतु तेथे आलेली गृहिणी जाता जाता गालिचाही पाहते. हा सारा डोलारा रोजच्या गर्दीवर उभा असतो.

१९५४ मध्ये शहराच्या हद्दीलगत, साउथफील्ड येथे, कंपनीने स्वतःच ‘नॉर्थलँड’ हे विक्रीकेंद्र उभारले. व्हिक्टर ग्रुएन हा त्याचा वास्तुशिल्पी. पुढे ईस्टलँड (१९५७) व वेस्टलँड (१९६५) ही केंद्रे निघाली. कंपनीने आपल्याच मुळावर घाव घातला, असे यावरून म्हटले जाते; ते अर्धेच खरे आहे. गोरा मध्यमवर्ग महामार्गांच्या आधाराने आधीच बाहेर पडू लागला होता (कृष्णवर्णीयांना मात्र त्या उपनगरांत घरे मिळणे दुरापास्त होते), आणि हडसन तेथे गेले नसते तर दुसरे कोणी गेले असते. १९६७ च्या दंगलीने या स्थलांतराचा वेग वाढविला. आरंभ तिने केला नाही. १९५० मध्ये साडेअठरा लक्ष असलेली डेट्रॉइटची वस्ती १९८० मध्ये बारा लक्षांवर आली. गर्दी गेली, पण पंचवीस मजल्यांचा खर्च तसाच राहिला. जानेवारी १९८३ मध्ये मूळ भांडार बंद झाले. १९९८ मध्ये सुरुंग लावून ती इमारत पाडण्यात आली.

तथापि इमारतीचा अंत म्हणजे साखळीचा अंत नव्हे, हा भेद पुष्कळदा विसरला जातो. शाखा चालूच होत्या. नावावर आघात झाला तो दुसऱ्या बाजूने. १९६९ मध्ये मिनिआपोलिसच्या डेटन कंपनीशी विलीनीकरण झाले होते, आणि डेटनने १९६२ मध्येच ‘टार्गेट’ हे स्वस्त मालाचे दुकान काढले होते. हे धाकटे भावंड इतके वाढले की २००० मध्ये मूळ कंपनीनेच त्याचे नाव धारण केले. २००१ मध्ये हडसनच्या शाखांवर शिकागोच्या मार्शल फील्डची पाटी लागली, २००६ मध्ये मेसीजची. २०१५ मध्ये नॉर्थलँडमधील शाखा बंद झाली, आणि त्याच वर्षी ते विक्रीकेंद्रही.