अमेरिकन नागरिकाशी लग्न केले, आता विद्यार्थी व्हिसाचे काय?

भंडारा, तुमसर, पवनी, साकोलीच्या आपल्या मुलामुलींनाही आता अमेरिकेत शिकायला जायचे आहे. तिथे अमेरिकन नागरिकाशी लग्न झाले तरी ग्रीन कार्ड आपोआप मिळत नाही. त्यासाठी अर्ज करावाच लागतो.

अमेरिकेत असाल तर : जोडीदाराचा आय-१३० आणि तुमचा आय-४८५ हे अर्ज एकत्र भरता येतात. कामाच्या परवान्यासाठी आय-७६५ भरावा. मात्र प्रवासाची पूर्वपरवानगी न घेता मध्येच गावी आलात, तर आय-४८५ अर्ज सोडून दिला असे धरले जाऊ शकते.

भारतात असाल तर : आय-१३० मंजूर झाल्यावर मुलाखत मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात होते.

लग्नाला २ वर्षे झालेली नसतील, तर ग्रीन कार्ड २ वर्षांचे, सशर्त मिळते. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरावा.

विहारात त्रिशरण-पंचशील घेऊन लग्न झाले असले, तरी नुसते फोटो पुरत नाहीत. नोंदणीचे प्रमाणपत्र हवेच. जोडीदार परदेशी असेल तर विशेष विवाह कायदा, १९५४ चा मार्ग आहे. त्यात ३० दिवसांची नोटीस लागते.

शासकीय शिष्यवृत्तीवर गेला असाल, तर करारपत्राच्या अटी आधी वाचा. आणि कागदासाठी खोटे लग्न कधीच नको. अमेरिकेत त्याला ५ वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. अर्जापूर्वी तिथल्या परवानाधारक वकिलाला जरूर विचारा.