उतरलेली बॅटरी भंगारात टाकण्यापूर्वी

पिंपळनेरहून साक्री, दहिवेल, नवापूर, सटाणा अशा बाजारांना मोटरसायकलवर माल घेऊन जाणारे आमचे अनेक व्यापारी व कारागीर बंधू आहेत. पहाटे गाठोडे बांधावे, बटण दाबावे आणि नुसती 'टक टक' ऐकू यावी, की त्या दिवसाचा धंदा बुडालाच. गाडी ढकलत दुकानात न्यावी तर सल्ला ठरलेला असतो, "बॅटरी गेली, नवी टाका." आमचे म्हणणे एवढेच, की उतरलेली प्रत्येक बॅटरी मेलेली नसते.

२५ मार्च २०२० पासून टाळेबंदी झाली तेव्हा गाड्या आठवडेच्या आठवडे दारात उभ्या राहिल्या. आमचीही राहिली. पुढे एका दुकानात ट्रॅक्टरच्या मोठ्या चार्जरवर दोन तासांत बॅटरी 'फुल' करून मिळाली. ती आठवडाभरही टिकली नाही. घाईचे ते चार्जिंग आम्हाला नव्या बॅटरीच्या किमतीला पडले.

असे का होते? बॅटरीत शिशाच्या प्लेटी व पातळ गंधकाम्ल असते. बॅटरी उतरते तेव्हा प्लेटींवर शिशाचा पांढरट क्षार बसतो. लवकर चार्ज केली तर तो निघतो. तशीच ठेवली तर कडक होऊन बसतो आणि मग निघत नाही. आपल्या खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर जातो. अशा उष्णतेत उभी बॅटरी लवकर उतरते व पाणीही लवकर आटते. म्हणून पहिला नियम असा, की बॅटरी उतरली की त्याच दिवशी चार्जिंगला लावावी.

पाण्याच्या बॅटरीची रीत पुढीलप्रमाणे. काढताना आधी निगेटिव्ह वायर सोडावी, बसवताना ती शेवटी जोडावी. सहाही झाकणे उघडून पाहावे. प्लेटी उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकेच डिस्टिल्ड वॉटर घालावे. वरच्या खुणेपर्यंत चार्जिंगनंतर भरावे, कारण चार्ज होताना पातळी चढते. नळाचे वा विहिरीचे पाणी चालत नाही. अॅसिड तर मुळीच घालू नये. आटते ते पाणी, अॅसिड आतच राहते.

चार्जिंग संथ हवे. पाच अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर, म्हणजे क्षमतेचा दहावा भाग, एवढाच प्रवाह द्यावा. पूर्ण उतरलेलीला बारा ते पंधरा तास लागतात. बॅटरी हाताला गरम लागली तर थांबावे. चार्ज होताना पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. तेव्हा जागा मोकळी हवी, आणि जवळ विडी, काडी, वेल्डिंग काही नको. अॅसिड डोळ्यांत उडाल्यास निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवून डॉक्टर गाठावा.

सीलबंद बॅटरी उघडण्याचा प्रयत्न करू नये. तिला फक्त योग्य चार्जर लावावा.

आता निकाल कसा लावायचा? चार्जर काढून काही तास थांबावे आणि मीटर लावावा. १२.६ व्होल्ट किंवा अधिक दिसले व दुसऱ्या दिवशीही टिकले, तर बॅटरी वाचली. साडेदहाच्या आसपासच अडकली, तर सहांपैकी एक सेल मेलेला समजावा. हायड्रोमीटरने पाहिल्यास चांगल्या सेलची ग्रॅव्हिटी सुमारे १.२५ ते १.२८ येते. एकच सेल बराच मागे राहिला तर पैसे वाया घालवू नयेत, नवीच घ्यावी.

नवी घेतली तरी गाडीचे चार्जिंग तपासलेच पाहिजे. इंजिन वाढवल्यावर मीटरवर साधारण १४ व्होल्ट यावेत. पंधराच्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला आहे, तो पाणी आटवतो. बारा-साडेबारावरच राहिले तर बॅटरी भरतच नाही. असे असेल तर नवी बॅटरीही उतरणारच.

२०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांना इंधनपंप व इंजेक्टर आहे. बॅटरी पार उतरली तर धक्का मारूनही त्या चालू होतीलच असे नाही. म्हणून उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाणी पाहावे. गाडी उभी राहणार असेल तर निगेटिव्ह वायर सोडून ठेवावी. टर्मिनलवर पांढरी बुरशी आली तर खाण्याचा सोडा व कोमट पाण्याने पुसून व्हॅसलीन लावावे. सोड्याचे पाणी मात्र सेलमध्ये जाऊ देऊ नये.

आमच्या मिस्त्री बंधूंना एक सांगणे आहे. मीटर, हायड्रोमीटर आणि लहान चार्जर एवढ्या भांडवलावर हे काम होते. ग्राहकाला मीटर दाखवून "ही वाचेल" किंवा "ही वाचणार नाही" असे खरे सांगावे. एका बॅटरीचा नफा गेला तरी गिऱ्हाईक कायमचे राहते. मेलेली बॅटरी अॅसिड गटारात ओतून वा घरी शिसे वितळवून संपवू नये. शिसे लहान मुलांच्या मेंदूला विषारी असते. विक्रेत्याने जुनी बॅटरी परत घ्यावी, हे २००१ च्या नियमांत ठरले होते. २०२२ च्या नव्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा ती दुकानात परत द्यावी व किमतीतून वजावट मागून घ्यावी.