कोरड्या रस्त्यावर इमर्जन्सी ब्रेक कसा मारायचा? जाणून घ्या टायरच्या ग्रिपचं गणित

"ब्रेक एकदम कडक आहेत, गाडी जागच्या जागी थांबते," असं आपण सर्रास म्हणतो. पण ब्रेक फक्त चाकाला आवरतो. गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणामुळे, म्हणजेच ग्रिपमुळे. एक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या भागावर. अख्ख्या गाडीची मदार अशा चार तळहातांवर असते.

वेग थोडा, अंतर जास्त

वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक 0.8 आणि ब्रेकवर पाय जायला 1 सेकंद धरून मी हिशोब केला:

- ताशी 50 किमी: 14 मीटर प्रतिक्रियेत + 12 मीटर ब्रेकिंग = 26 मीटर
- ताशी 80 किमी: 22 + 32 = 54 मीटर
- ताशी 100 किमी: 28 + 49 = 77 मीटर

आता समजा, 80 आणि 100 च्या वेगाने जाणाऱ्या दोन गाड्यांना एकाच जागी अडथळा दिसला. पहिली 54 मीटरवर थांबते. त्याच ठिकाणी दुसरीचा वेग किती असेल? अजून जवळपास 69! फरक फक्त 20 चा होता, पण एक गाडी वाचली आणि दुसरी जोरात धडकली.

चाक लॉक झालं तर?

टायरला सर्वाधिक ग्रिप मिळते ती चाक फिरत असताना, पण गाडीच्या वेगापेक्षा किंचित हळू, साधारण 10 ते 20 टक्क्यांनी. चाक पूर्ण लॉक झालं की रबराचा एकच भाग रस्त्यावर घासून तापतो आणि ग्रिप कमी होते. त्याहून वाईट म्हणजे पुढची चाकं घसरत असताना स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही.

इथेच एबीएस कामाला येतं. प्रत्येक चाकाचा वेग सेन्सर मोजतो. चाक लॉक व्हायला लागलं की त्याचं ब्रेक प्रेशर सेकंदात अनेक वेळा कमी-जास्त केलं जातं. एप्रिल 2019 पासून भारतात नव्या कारसाठी एबीएस सक्तीचं आहे.

मग ब्रेक कसा दाबायचा?

- एबीएस असेल तर: पूर्ण ताकदीने दाबा आणि दाबूनच ठेवा. पॅडल थरथरेल, खडखड आवाज येईल. बरेच जण इथे घाबरून पाय उचलतात. उचलू नका, एबीएस त्याचं काम करतंय. 'ब्रेक पंप करा' हा सल्ला जुन्या गाड्यांसाठी होता.
- एबीएस नसेल तर: दाब झपाट्याने वाढवत न्या. चाक लॉक होऊन गाडी घसरायला लागली की किंचित सैल करा आणि पुन्हा दाबा.
- वळणावर: वेग वळणाच्या आधीच कमी करा. ब्रेकिंग आणि वळणं या दोन्हींसाठी ग्रिप एकाच खात्यातून खर्च होते.

रस्ता कोरडा आहे, पण ग्रिप आहे का?

वाळू, खडी किंवा सांडलेलं ऑइल असेल तर कोरडा रस्ताही घसरडा होतो. सुट्या खडीवर तर एबीएस असूनही अंतर वाढू शकतं. टायरमधली हवा कंपनीने सांगितल्याएवढीच ठेवा. योग्य आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दरवाज्याजवळच्या स्टिकरवर असतो. जुना टायर नक्षी शाबूत असली तरी कडक होतो आणि त्याची पकड कमी होते. टायरच्या बाजूला कोरलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे बघा: 2321 म्हणजे 2021 चा 23 वा आठवडा.

एबीएस उपलब्ध ग्रिप नीट वापरतं, नवी ग्रिप तयार करत नाही. त्यामुळे पुढच्या गाडीपासून निदान 2 सेकंदांचं अंतर ठेवा. पुढची गाडी एखादा खांब ओलांडेल तेव्हा मोजायला सुरुवात करा. तुम्ही 2 सेकंदांच्या आत तिथे पोहोचलात, तर तुम्ही फार जवळ आहात.