गेमचं सबस्क्रिप्शन रद्द करताना कंपनी ‘का?’ विचारते, त्या उत्तराचं पुढे होतं काय?

ऑनलाइन गेमचं मासिक सबस्क्रिप्शन बंद करायला गेलं की शेवटच्या पायरीवर एक प्रश्न हमखास येतो : ‘तुम्ही का सोडून जाताय?’ खाली चार-पाच पर्याय असतात. महाग वाटतं, फारसं वापरत नाही, तांत्रिक अडचणी येतात, दुसरं काहीतरी चांगलं मिळालं, इतर. बहुतेक जण जो पर्याय आधी दिसेल त्यावर टिक करतात आणि मोकळे होतात. हे वाचतंय कोण, असंच सगळ्यांना वाटत असतं.

पण हे वाचलं जातं. फक्त कंपनी तेवढ्यावरच विसंबून राहत नाही. आणि तुम्ही मोबाईलवरून रद्द करत असाल, तर तुमचे शब्द गेम बनवणाऱ्यापर्यंत पोचणार की नाही, हे तुम्ही कोणता पर्याय निवडलात यावर ठरतं. ही सगळी भानगड काय आहे, समजून घेऊ.

सोडून जाणाऱ्याची एवढी काळजी का?

याचं उत्तर आकड्यांत आहे. ब्लिझार्ड कंपनीचा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा गेम २००४ मध्ये आला. अमेरिकेत त्याचं मासिक शुल्क १४.९९ डॉलर. म्हणजे असे एक लाख खेळाडू गेले तर महिन्याला सुमारे १५ लाख डॉलर बुडाले. नवा खेळाडू आणायचा तर जाहिरातीवर खर्च करावा लागतो. जुन्याला मात्र गेम आधीच माहीत असतो, त्यामुळे तो का चाललाय हे कळलं तर त्याला थांबवता येण्याची शक्यता असते.

ऑक्टोबर २०१० मध्ये या गेमचे सबस्क्रायबर १.२ कोटींवर गेले होते. मार्च २०१५ अखेरीस ते ७१ लाख होते आणि जून अखेरीस ५६ लाख. अवघ्या तीन महिन्यांत १५ लाखांची घट. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने सबस्क्रायबरचा आकडा जाहीर करणंच बंद करून टाकलं. आकडा बाहेर सांगणं थांबलं तरी आत मोजणं थांबत नाही. खेळाडू सोडून जाण्याच्या या प्रमाणाला धंद्याच्या भाषेत ‘चर्न’ म्हणतात.

आधी बघतात, माणूस खरंच गेलाय का?

सबस्क्रिप्शन बंद पडलं म्हणजे खेळाडू वैतागून गेला, असं नसतं. कार्डची मुदत संपते, खात्यात पैसे नसतात, बँक व्यवहार नाकारते. अशा लोकांना ‘का सोडलंत?’ विचारून उपयोग नाही, कारण त्यांनी सोडलेलंच नसतं. म्हणून कंपन्या स्वतःहून गेलेले आणि पेमेंट अडकल्यामुळे बाहेर पडलेले, असे दोन गट आधीच वेगळे करतात.

भारतात हा फरक जास्तच महत्त्वाचा ठरला. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ऑटो-डेबिटचे नवे नियम लागू झाले. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना देणं बंधनकारक झालं. ग्राहकाच्या दृष्टीने हे चांगलंच, पण सुरुवातीला अनेकांची दर महिन्याची पेमेंट अडकली. सबस्क्रिप्शन बंद झालं आणि कित्येकांना ते नंतर कळलं. कंपनीने या लोकांना ‘नाराज’ समजून हिशेब केला, तर सगळंच गणित चुकणार.

मोबाईलवर प्रश्न विचारतो कोण?

कॉम्प्युटरवरचा गेम असेल तर रद्द करण्याचं पान बहुतेक वेळा कंपनीचं स्वतःचं असतं. प्रश्न तिचे, उत्तरंही थेट तिच्याकडे. अँड्रॉइड फोनवर मात्र गुगल प्लेमधून घेतलेलं सबस्क्रिप्शन गुगल प्लेमध्येच रद्द होतं आणि कारणही गुगलच विचारतं.

गुगल ही माहिती गेमच्या डेव्हलपरला पुरवतं, पण ठरावीक साच्यात. त्यात पाच कारणं आहेत : फारसा वापर होत नाही, तांत्रिक अडचणी, पैशांशी संबंधित कारण, दुसरं चांगलं ॲप मिळालं आणि इतर. पहिल्या चारपैकी काही निवडलं तर डेव्हलपरला फक्त तेवढी खूण मिळते. ग्राहकाने स्वतः टाइप केलेला मजकूर डेव्हलपरपर्यंत जातो तो फक्त ‘इतर’ निवडल्यावर.

आयफोनवर चित्र आणखी वेगळं आहे. ॲपलची यंत्रणा डेव्हलपरला सबस्क्रिप्शन कशामुळे संपलं हे कळवते : ग्राहकाने स्वतः बंद केलं, पेमेंटमध्ये अडचण आली, वाढीव किंमत मान्य केली नाही किंवा ते उत्पादनच उपलब्ध राहिलं नाही. स्वतः बंद केलं असेल तर त्यामागचं कारण काय, ते या नोंदीत नसतं.

आणि कुणी थेट यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपे बंद केलं, तर प्रश्न विचारायची संधीच मिळत नाही. का बंद केलं, ते समोरच्याला कळत नाही.

लोक खरं कारण सांगतात का?

इथे खरी अडचण सुरू होते. लग्नाचं आमंत्रण टाळताना आपण ‘जमणार नाही हो, जरा काम आहे’ म्हणतो, तसंच इथेही होतं. ‘वेळ नाही’ हे सगळ्यात सोयीचं उत्तर. ते खोटंच असतं असं नाही, पण पुरेसंही नसतं. समजा, एक जण रोज रात्री चार मित्रांबरोबर खेळायचा. त्यातल्या दोघांनी गेम सोडला आणि याचाही उत्साह संपला. फॉर्मवर तो ‘वेळ नाही’ लिहील. खरं कारण ‘सोबत नाही’ हे आहे, पण तो पर्याय यादीतच नसतो.

दुसरी अडचण म्हणजे सगळे जण उत्तर देतच नाहीत. भयंकर चिडलेला माणूस चार परिच्छेद लिहितो आणि नुसताच कंटाळलेला गप्प निघून जातो. त्यामुळे फक्त उत्तरं वाचली तर सगळेच चिडलेत असं वाटू शकतं.

म्हणून कंपन्या फॉर्मच्या शेजारी खेळाच्या नोंदी ठेवून बघतात. शेवटचं लॉगिन कधी झालं? खेळण्याचा वेळ कुठल्या आठवड्यापासून कमी झाला? तो एखाद्या अपडेटनंतर कमी झाला का? कुठल्या लेव्हलवर लोक अडकून सोडून देतात? मित्र आधी गेले का? हा मित्रांचा मुद्दा नुसता तर्क नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ‘एव्हरक्वेस्ट २’ या गेमच्या नोंदी तपासल्या होत्या. कोण गेम सोडेल याचा अंदाज बांधताना त्यांनी खेळाडूच्या सोबत्यांचा प्रभावही गणितात धरला होता.

फॉर्ममध्ये लोकांनी लिहिलेला मजकूर विषयानुसार गटांत टाकला जातो : किंमत, बग, चीटिंग करणारे खेळाडू, नवं काही नसणं वगैरे. एखाद्या गटातली उत्तरं एखाद्या अपडेटनंतर एकदम वाढली, तर ती लगेच लक्षात येतात.

‘बोलणं नको, वागणं बघा’ म्हणणाऱ्या सीईओचं काय झालं?

आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा ‘ईव्ह ऑनलाइन’ हा अंतराळातला गेम. जून २०११ मध्ये त्यात एक मोठं अपडेट आलं आणि पात्रांना सजवण्याच्या वस्तूंचं दुकान सुरू झालं. त्यात एका डोळ्यावर लावायचा चष्मा होता, त्याची किंमत खऱ्या पैशांत साठ डॉलरच्या वर जात होती. पैसे देणाऱ्याला पुढे खेळातही वरचढ करून ठेवतील, अशी भीती पसरली. गेममध्येच आंदोलन सुरू झालं. लोकांनी सबस्क्रिप्शन रद्द केली आणि तसं उघडपणे सांगायलाही सुरुवात केली.

त्याच वेळी सीईओ हिल्मार पेटुर्सन यांचा कंपनीअंतर्गत ईमेल फुटला. अशा वेळी खेळाडू काय बोलतात यापेक्षा काय करतात हे बघायचं, असा त्याचा आशय होता. डेटाच्या दृष्टीने यात चूक काही नाही, सगळ्याच कंपन्या तेच करतात. पण ज्याला आपलं म्हणणं ऐकायला हवं असतं, त्याला हे वाक्य कसं लागेल?

कंपनीला खेळाडूंनी निवडून दिलेल्या प्रतिनिधी मंडळाला तातडीने रेक्याविकला बोलवावं लागलं. ऑक्टोबर २०११ मध्ये पेटुर्सन यांनी खेळाडूंची जाहीर माफी मागितली. त्याच महिन्यात कंपनीने सुमारे २० टक्के कर्मचारी कमी केले. खेळाडू ‘काय करतात’ हे कंपनीला दिसलं, पण ते आधी ‘काय बोलत होते’ याकडे वेळेत लक्ष गेलं असतं तर गोष्ट इथवर आली नसती, असं त्या वेळी अनेक खेळाडूंना वाटत होतं.

प्रश्न विचारल्यामुळेच लोक गेले तर?

ब्रिटनच्या जॅजेक्स कंपनीच्या ‘रूनस्केप’चं उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलकं आहे. २००७ च्या डिसेंबरमध्ये आणि पुढच्या महिन्यात कंपनीने गेममधली मोकळी लढाई आणि मोकळा व्यापार बंद केला. आतलं सोनं बाहेर खऱ्या पैशांत विकणाऱ्यांना रोखणं हा हेतू होता. खेळाडू खवळले. तीन वर्षांनी कंपनीने सरळ मतदान घेतलं. १२ लाखांहून जास्त मतं पडली, ९१ टक्के जुन्या पद्धतीच्या बाजूने. १ फेब्रुवारी २०११ ला दोन्ही गोष्टी परत आल्या. २०१३ मध्ये पुन्हा मतदान घेऊन २००७ सालची आवृत्तीच वेगळा गेम म्हणून सुरू झाली. तिच्यातले नवे बदलही खेळाडूंच्या मतदानातून जाऊ लागले.

याच कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये खेळाडूंना एक सर्व्हे पाठवला. त्यात सबस्क्रिप्शनचे वेगवेगळे संभाव्य प्लॅन होते आणि काही स्वस्त प्लॅनमध्ये जाहिरातींचाही उल्लेख होता. ‘आम्ही फक्त विचारतोय’ हे कुणाला पटलं नाही. प्रश्न वाचूनच अनेकांनी मेंबरशिप रद्द केली. कंपनीला माफी मागून त्या कल्पना गुंडाळाव्या लागल्या.

फॉर्ममध्ये नसलेलं उत्तर

फॉर्मची सगळ्यात मोठी मर्यादा ही, की त्यात कंपनीला सुचलेलीच उत्तरं असतात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ सोडणाऱ्या अनेकांना जुना गेम परत हवा होता. तो कंपनीकडे मिळत नव्हता म्हणून लोक ‘नॉस्टाल्रियस’ नावाच्या अनधिकृत सर्व्हरवर खेळत होते. एप्रिल २०१६ मध्ये ब्लिझार्डच्या कायदेशीर नोटिशीनंतर तो बंद झाला. त्यानंतरच्या ऑनलाइन अर्जावर दोन लाखांहून जास्त सह्या झाल्या. पुढे ब्लिझार्डने त्याच सर्व्हरच्या टीमला चर्चेला बोलावलं आणि २७ ऑगस्ट २०१९ ला जुन्या रूपातला ‘क्लासिक’ गेम अधिकृतपणे आणला. त्या तिमाहीत सबस्क्रिप्शनमध्ये गेमच्या इतिहासातली सगळ्यात मोठी वाढ झाल्याचं कंपनीने सांगितलं.

विचारणं कुठे संपतं आणि अडवणं कुठे सुरू होतं?

एक प्रश्न विचारणं, त्याचं उत्तर ऐच्छिक ठेवणं, यात गैर काही नाही. पण पानामागून पान, लपवलेलं बटण, ‘नको, मला मजा करायचीच नाही’ असली लाजवणारी वाक्यं म्हणजे अडवणूक. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’विरोधात मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यातल्या १३ प्रकारांत ‘सबस्क्रिप्शनचा सापळा’ आणि लाज वाटायला लावून निर्णय बदलायला लावणं, हे दोन्ही आहेत. रद्द करणं मुद्दाम किचकट केलं असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

मग आपण काय करायचं?

सांगण्यासारखं काही असेल तर गुगल प्लेवर ‘इतर’ निवडा आणि दोन ओळी लिहा. ‘बकवास गेम’ असं लिहिलं तर कुणालाच काही कळत नाही. ‘मागच्या अपडेटनंतर माझ्या फोनवर गेम अडकतो, म्हणून बंद करतोय’ यातून कधीपासून, काय आणि का, तिन्ही कळतं. मित्र गेले म्हणून सोडत असाल तर तेही लिहा, कारण ते नोंदींतून अंदाजानेच काढावं लागतं. परत यायचा विचार असेल तर काय बदललं तर याल, हेही सांगा.

आपल्याकडे बहुतेक जण मोबाईलवर फुकट गेम खेळतात. तिथे रद्द करायला सबस्क्रिप्शनच नसतं. माणूस गेम अनइन्स्टॉल करतो आणि विषय संपतो. तिथे प्ले स्टोअरवरचा रिव्ह्यू हाच तुमचा फॉर्म. आणि काहीच सांगायचं नसेल तर तोही तुमचा हक्क आहे. कारण न देताही सबस्क्रिप्शन बंद करता आलं पाहिजे.